डोपामिन जर आनंदाचे रसायन असेल, तर त्याच्या अभावी शरीर का आखडते?

कृष्णाकाठ

नमस्कार. मी कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते. मज्जासंस्थेचा धडा चालू असताना कंपवाताचा, म्हणजे पार्किन्सन्सचा, विषय निघाला आणि मेंदूच्या एका विशिष्ट भागात डोपामिन कमी पडल्यामुळे हा आजार होतो, असे मी सांगितले. त्यावर एका विद्यार्थिनीने विचारले, "मॅडम, डोपामिन तर आनंदाचे रसायन आहे ना? गोड खाल्ले, मोबाइलवर कोणी दाद दिली की ते वाढते म्हणतात. मग ते कमी झाल्यावर माणूस उदास व्हायला हवा. त्याचे हातपाय का आखडतात?" पाठ्यपुस्तकात एवढेच आहे, की डोपामिन कमी होते आणि हालचाली मंदावतात. या दोन गोष्टींच्या मधे काय घडते हे त्यात नाही, आणि तिला नेमके तेच हवे आहे.

तिच्या प्रश्नातून माझ्या मनात आणखी शंका निर्माण झाल्या. मेंदूत शेकडो रसायने असताना हालचालीचा संबंध डोपामिनशीच आहे, हे पहिल्यांदा कोणाच्या आणि कशामुळे लक्षात आले? मेंदूत अब्जावधी चेतापेशी असताना या आजारात प्रामुख्याने डोपामिन बनवणाऱ्या पेशींचाच बळी का जातो? शिवाय या विषयावरचे पुष्कळ संशोधन सूत्रकृमी आणि फळमाश्या यांच्यावर चालते, असे वाचनात आले. ज्या जिवाला हात नाहीत आणि पाय नाहीत, त्याच्यावरून माणसाच्या थरथरत्या हाताबद्दल काय समजू शकते, हा प्रश्न वर्गात नक्की येणार. ज्यांनी या विषयात काम केले आहे त्यांनी थोडे सविस्तर लिहावे, ही विनंती. पारिभाषिक शब्द आले तरी चालतील, मी ते मुलांना उलगडून सांगेन.

पिंपळपान

ताई, हा प्रश्न इतिहासाच्या बाजूने सोडवायला घेतला तर लवकर सुटतो, कारण डोपामिनची खरी ओळख जगाला आनंदामुळे झालेली नसून हालचालीमुळे झालेली आहे. मी अनेक वर्षे औषधशास्त्र शिकवले आणि या प्रकरणाला दर वर्षी मुद्दाम जास्त तास दिले, कारण त्यात एका वनस्पतीपासून थेट पेशीच्या आतल्या कप्प्यापर्यंतचा प्रवास एका सलग धाग्यात दाखवता येतो.

लंडनच्या वेलकम प्रयोगशाळेत जॉर्ज बार्जर आणि जेम्स यूएन्स यांनी १९१० मध्येच डोपामिन कृत्रिमरीत्या तयार केले होते. त्यानंतर जवळजवळ अर्धे शतक त्याच्याकडे नॉरअ‍ॅड्रिनलीन हे दुसरे संदेशवाहक रसायन तयार होण्याच्या वाटेवरचा एक टप्पा म्हणूनच पाहिले गेले. त्याला मेंदूत स्वतःचे काही काम असेल, असे फारसे कोणाच्या मनात आले नाही.

ही समजूत ढळली ती आपल्याकडच्या सर्पगंधेमुळे. या मुळीचा उपयोग आपल्या वैद्यांना पूर्वापार ठाऊक होता. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तुम जाल वकील यांनी १९४९ मध्ये 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये उच्च रक्तदाबाच्या रुग्णांवर सर्पगंधेचा काय परिणाम होतो याविषयीचा लेख प्रसिद्ध केला आणि पाश्चात्त्य वैद्यकाचे लक्ष तिच्याकडे वळले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमधील सीबा कंपनीच्या शास्त्रज्ञांनी तिच्यातून रेसर्पीन हे द्रव्य वेगळे काढले. रक्तदाबासाठी आणि मनोविकारांसाठी ते मोठ्या प्रमाणावर दिले जाऊ लागले, आणि मग डॉक्टरांना दिसू लागले, की काही रुग्णांची चाल मंदावते, चेहऱ्यावरचे भाव जातात, हात थरथरू लागतात आणि औषध थांबवले की हे सारे हळूहळू ओसरते. म्हणजे एका औषधाने कंपवातासारखी अवस्था निर्माणही होत होती आणि ती परत फिरवताही येत होती. संशोधकाच्या दृष्टीने यापेक्षा मोलाचा दुवा दुसरा नसतो.

स्वीडनमधील लुंड येथे आर्विड कार्लसन यांनी हा दुवा हाती घेतला. १९५७ मध्ये त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सशांना रेसर्पीन दिले. ससे कान पाडून निपचित बसून राहिले, त्यांना आपणहून हलता येईना. त्या वेळचा प्रचलित तर्क असा होता, की रेसर्पीनमुळे सेरोटोनिन हे मेंदूतले आणखी एक संदेशवाहक रसायन कमी होते आणि म्हणून हे घडते. परंतु सेरोटोनिनचा कच्चा माल टोचून ससे हलले नाहीत. एल-डोपा टोचल्यावर मात्र ते थोड्याच वेळात कान टवकारून इकडेतिकडे फिरू लागले. एल-डोपापासून शरीरात आधी डोपामिन आणि त्यापासून पुढे नॉरअ‍ॅड्रिनलीन बनते. पुढच्या वर्षी कार्लसन यांनी मेंदूतील डोपामिन मोजण्याची पद्धत बसवून दाखवून दिले, की रेसर्पीनने ते नाहीसे होते आणि एल-डोपाने ते परत येते. १९५९ मध्ये लुंडमध्येच स्पष्ट झाले, की मेंदूतील डोपामिनचा फार मोठा साठा स्ट्रायटम या भागात आहे आणि हा भाग तर हालचालींच्या नियंत्रणाशी निगडित आहे, हे आधीपासून माहीत होते.

यापुढचा टप्पा व्हिएन्नाचा. ओलेह हॉर्निकिएविझ यांनी १९६० मध्ये कंपवाताने मरण पावलेल्या रुग्णांच्या मेंदूतील स्ट्रायटमचे नमुने तपासले. त्यांनी वापरलेल्या रासायनिक परीक्षेत डोपामिन असेल तर द्रावणाला गुलाबी रंग येतो. निरोगी मेंदूच्या नमुन्यांना तो आला आणि कंपवाताच्या नमुन्यांना जवळजवळ आलाच नाही. हा फरक उपकरणात नमुना घालण्याआधी नुसत्या डोळ्यांनी दिसत होता. मुलांना सांगताना ही गोष्ट जरूर सांगा, कारण एका आजाराचे मूळ परीक्षानळीतल्या रंगात समोर उभे राहण्याचे असे प्रसंग वैद्यकाच्या इतिहासात थोडेच आहेत.

उपचार मात्र लगेच हाती आला नाही. १९६१ मध्ये व्हिएन्नात रुग्णांना शिरेतून एल-डोपा देऊन पाहिले, तेव्हा अंथरुणाला खिळलेली माणसे काही तासांपुरती उठून चालू लागली, पण परिणाम टिकत नव्हता आणि इतर ठिकाणच्या चाचण्यांत तो तितका स्पष्ट दिसत नव्हता. अमेरिकेत जॉर्ज कोट्झियास यांनी १९६७ मध्ये अगदी लहान मात्रेने सुरुवात करून ती संयमाने वाढवत नेत तोंडावाटे मोठ्या मात्रा दिल्या आणि तेव्हा कुठे हा उपचार उभा राहिला. पुढे त्याच्या जोडीला कार्बिडोपासारखी औषधे आली. ती एल-डोपाचे रूपांतर मेंदूबाहेर होऊ देत नाहीत, त्यामुळे मळमळ कमी होते आणि कमी मात्रेत काम भागते. कार्लसन यांना २००० साली नोबेल पारितोषिक मिळाले.

रेसर्पीन नेमके करते काय, तेही सांगतो. चेतापेशी डोपामिन तयार करून ते सूक्ष्म पुटिकांमध्ये, म्हणजे पेशीतल्या इवल्या पिशव्यांमध्ये, भरून ठेवते आणि संदेश द्यायचा असेल तेव्हा त्या पुटिका बाहेर रिकाम्या करते. पुटिकेच्या भिंतीत डोपामिन आत ओढून घेणारे एक प्रथिन असते. रेसर्पीन त्यालाच जखडून टाकते. मग डोपामिन पेशीद्रवात उघडे पडते, तेथील विकर त्याचे विघटन करते आणि पेशी जिवंत असूनही तिच्याकडे द्यायला काही उरत नाही. कंपवातात पेशीच मरते. शेवटी मेंदूला मिळणारे डोपामिन दोन्हीकडे कमीच पडते, आणि म्हणून शरीर सारखेच दिसते.

सूक्ष्मदर्शी

पिंपळपान सरांनी इतिहास सांगितला आहे, त्यामुळे मी थेट विद्यार्थिनीच्या प्रश्नाकडे येतो. मी सूत्रकृमींवर काम करणाऱ्या एका प्रयोगशाळेत आहे.

"डोपामिन म्हणजे आनंद" हे समीकरण प्रयोगांपुढे टिकत नाही, हे आधी सांगायला हवे. केंट बेरिज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये ज्यांच्या मेंदूतील डोपामिन जवळजवळ संपवले आहे, असे उंदीर घेतले. हे उंदीर अन्नापर्यंत जात नाहीत, समोर असलेले खातही नाहीत, हाताने भरवले नाही तर उपासमारीने मरतात. परंतु त्यांच्या जिभेवर साखरेचे पाणी सोडले, की ते निरोगी उंदराप्रमाणेच चवीने जीभ फिरवतात आणि कडू दिले की तसेच तोंड वाकडे करतात. म्हणजे गोडाची गोडी त्यांना कळते. त्यांच्यात उरलेली नसते ती त्या गोडासाठी उठून जाण्याची प्रेरणा.

हाच धागा माणसातही सापडतो. २००७ मध्ये पिएत्रो मॅझोनी आणि सहकाऱ्यांनी कंपवाताच्या रुग्णांना ठरावीक वेगाने हात पुढे नेण्यास सांगितले. रुग्णांना तो वेग साधता येत होता आणि तो साधल्यावर त्यांचा नेमही निरोगी माणसांइतकाच अचूक होता. फरक इतकाच, की त्या वेगापर्यंत पोहोचण्यासाठी त्यांना जास्त वेळा प्रयत्न करावे लागत होते. स्नायूंमध्ये बळ आहे, हालचाल कशी करायची याचे ज्ञान आहे, परंतु या हालचालीसाठी एवढी शक्ती खर्च करणे योग्य आहे असा निर्वाळा मेंदूकडून मिळत नाही. हा निर्वाळा जाणिवेच्या पातळीवरचा नसतो, म्हणून "मनावर घ्या म्हणजे चालता येईल" असे रुग्णाला सांगणे निरर्थक आहे आणि क्रूरही आहे. माझ्या मते तुमच्या विद्यार्थिनीला हेच उत्तर द्यावे, की डोपामिन एखाद्या कृतीचे मोल ठरवते आणि त्या मोलाप्रमाणे तिला जोर देते. बक्षिसाशी जोडलेले डोपामिन आणि हालचालीशी जोडलेले डोपामिन ही एकाच कामाची दोन टोके आहेत.

मेंदूत हे कसे घडते, याचा थोडक्यात आढावा. स्ट्रायटममधील पेशींचे दोन मोठे गट आहेत. एका गटावर डोपामिनचे डी-१ हे ग्राहक, म्हणजे डोपामिनचा संदेश पकडणारी प्रथिने, असतात, दुसऱ्यावर डी-२. डोपामिन पहिल्या गटाला उत्तेजित करते आणि दुसऱ्याला आवरते. २०१० मध्ये उंदरांमध्ये हे गट प्रकाशाच्या साहाय्याने वेगवेगळे चालू करून पाहिले गेले. डी-२ गट चालू केल्यावर उंदीर जागच्या जागी थिजले आणि डी-१ गट चालू केल्यावर ते जास्त फिरू लागले, इतकेच नव्हे तर डोपामिन नष्ट केलेल्या उंदरांचे चालणेही सुधारले. मात्र एक गट "चला" म्हणतो आणि दुसरा "थांबा" म्हणतो, एवढ्यावर मुलांना सोडू नका. २०१३ मध्ये असे दिसून आले, की हालचाल सुरू होताना दोन्ही गट एकाच वेळी सक्रिय असतात. हवी ती कृती पुढे करणे आणि नको त्या दाबून ठेवणे या दोन्ही गोष्टी एकदमच कराव्या लागत असणार, असा त्याचा एक अर्थ लावला जातो.

आता सूत्रकृमी. सीनोऱ्हॅब्डायटिस एलेगन्स नावाचा हा प्राणी जेमतेम एक मिलिमीटर लांब आणि पारदर्शक असतो. सिडनी ब्रेनर यांनी केंब्रिजमध्ये साठच्या दशकात त्याची निवड केली. त्याच्या उभयलिंगी प्रकारात नेमक्या ३०२ चेतापेशी असतात आणि १९८६ मध्ये त्यांच्या जोडण्यांचा संपूर्ण नकाशा प्रसिद्ध झाला. या ३०२ पैकी फक्त ८ पेशी डोपामिन बनवतात. सहा डोक्यात आणि दोन शरीराच्या मागच्या भागात. माणसात अशा काही लाख पेशी आहेत, इथे आठ, आणि प्रत्येक पेशी कोणती हे नावानिशी सांगता येते. संशोधनासाठी याचे मोल फार मोठे आहे.

त्यांची परीक्षा अगदी साधी असते. अगारच्या बशीत मध्यभागी जिवाणूंचा पातळ थर वाढवतात, तेच या कृमीचे अन्न. प्लॅटिनमच्या बारीक तारेने पोट भरलेला कृमी उचलून थराबाहेर सोडायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली तो वीस सेकंदांत शरीराला किती वळसे देतो ते मोजायचे. मोकळ्या अगारवर तो नागमोडी वळणे घेत झपाझप जातो. त्याचे नाक जिवाणूंच्या थराच्या कडेला टेकते आणि वेग उतरतो, वळणे संथ होतात. ज्याच्यात डोपामिन बनवणारे विकर जनुकीय दोषामुळे काम करत नाही, असा कृमी त्याच कडेवरून आत शिरतो आणि काही घडलेच नाही अशा वेगाने अन्नावरून निघून जातो. आठही पेशी लेसरने मारल्या तरी तेच होते. दोषी कृमीला बाहेरून डोपामिन दिले, की तो पुन्हा अन्नावर आल्यावर वेग कमी करू लागतो. हे काम २००० साली रॉबर्ट हॉर्विट्झ यांच्या प्रयोगशाळेतून प्रसिद्ध झाले. त्यातली मला सर्वांत जास्त आवडणारी गोष्ट अशी, की अन्नाच्या जागी सूक्ष्म मणी पसरले तरीसुद्धा कृमी मंदावतो. अन्नाचा स्पर्श या पेशींना जाणवतो, चव किंवा वास त्यासाठी लागत नाही.

इथे एक चोखंदळ विद्यार्थी लगेच हटकेल, की माणसात डोपामिन कमी झाले की हालचाल मंदावते आणि कृमीत डोपामिनमुळे हालचाल मंदावते, म्हणजे सगळे उलटेच झाले. वेगाची दिशा उलटी आहे, हे खरेच आहे. परंतु परिस्थितीला साजेशी हालचाल ठरवणे हे काम दोघांतही आहे. अन्न सापडलेल्या कृमीच्या हिताचे असते ते तिथेच रेंगाळणे. म्हणून कृमीच्या वेगावरून माणसाच्या वेगाबद्दल थेट अनुमान काढू नये. डोपामिन बनवणारे विकर, ते पुटिकांत भरणारे प्रथिन आणि ते परत आत ओढून घेणारे प्रथिन ही सगळी यंत्रणा मात्र दोन्हीकडे एकाच घराण्यातली आहे, आणि ती बिघडली तर पेशीचे काय होते, हे कृमीत डोळ्यांनी पाहता येते. त्या आठ पेशींत हिरवे चमकणारे प्रथिन घातले, की जिवंत प्राण्यात एकेक पेशी झिजताना आणि मरताना दिसते.

अबोली

ही चर्चा वाचून लिहावेसे वाटले. माझ्या वडिलांना बऱ्याच वर्षांपासून पार्किन्सन्स आहे. "मनावर घ्या" हे वाक्य नातेवाइकांनी त्यांना किती वेळा ऐकवले असेल याची गणती नाही, म्हणून वरचा परिच्छेद मी त्यांना वाचून दाखवला.

सूक्ष्मदर्शी यांना एक विचारायचे आहे. बाबा खोलीतून हॉलमध्ये येताना दाराच्या चौकटीत अडकतात. पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात, वरचे शरीर पुढे जाऊ पाहते आणि पाय तिथेच राहतात. फिजिओथेरपिस्टनी सुचवल्याप्रमाणे आम्ही त्या ठिकाणी फरशीवर पांढऱ्या चिकटपट्टीच्या आडव्या रेषा लावल्या. आता ते रेषेकडे पाहतात, तिच्यावरून पाय उचलतात आणि सहज पलीकडे येतात. जिना तर ते पहिल्यापासूनच सपाट जमिनीपेक्षा चांगला चढतात. पुण्याच्या डिझायनर मिलेहा सोनेजी यांनी हेच पाहून जमिनीवर जिन्याचा भास निर्माण करणारे चित्र वापरले होते, ते त्यांच्या भाषणात मी ऐकले आहे. डोपामिन तेवढेच असताना नुसत्या रेषेने फरक का पडतो?

दुसरा प्रश्न पिंपळपान सरांना. गावाकडचे एक काका आग्रह करत आहेत, की गोळ्यांऐवजी खाजकुयलीच्या बियांचे चूर्ण द्या, त्यात तेच औषध नैसर्गिक स्वरूपात असते. यात तथ्य किती?

सूक्ष्मदर्शी

अबोलीताई, रेषांच्या मागचे सध्याचे स्पष्टीकरण असे आहे. सरावाने अंगवळणी पडलेली चाल आपल्या लक्ष न देता चालू राहते आणि ती चालू ठेवण्याचे काम प्रामुख्याने डोपामिनवर अवलंबून असलेल्या स्ट्रायटमच्या मंडलाकडे असते. समोर रेषा किंवा पायरी आली, की तेच पाऊल डोळ्यांनी पाहून, लक्ष देऊन, ठरवून टाकले जाते आणि त्या कामात मेंदूच्या बाह्यपटलातील व अनुमस्तिष्कातील इतर मार्गांचा वाटा वाढतो. हे मार्ग या आजारात तुलनेने शाबूत असतात. त्याच कारणाने पुष्कळ रुग्णांना ताल धरून किंवा ठेका मोजत चालणे सोपे जाते. फक्त हे लक्ष देऊन चालणे थकवणारे असते आणि त्याच वेळी त्यांच्याशी कोणी बोलू लागले तर ते मोडते, म्हणून दारातून येताना त्यांना हाक मारू नये.

आता कृष्णाकाठ ताईंचा राहिलेला प्रश्न, की याच पेशी का मरतात. इथे पेशीच्या रचनेत शिरावे लागते. स्ट्रायटमला डोपामिन पुरवणाऱ्या पेशी सबस्टॅन्शिया नायग्रा या भागात असतात. तिथल्या एकेका पेशीचा अक्षतंतू, म्हणजे संदेश वाहून नेणारा लांब तंतू, असामान्य रीतीने फांद्या फोडतो. २००९ मध्ये उंदरातील अशा सुट्या पेशी संपूर्ण रंगवून मोजल्या गेल्या, तेव्हा एका पेशीच्या तंतूच्या सर्व फांद्यांची एकत्र लांबी सरासरीने सुमारे ४७ सेंटीमीटर भरली. माणसात ती काही मीटर असावी आणि एका पेशीच्या चेतासंधींची संख्या दहा लाखांच्या वर जावी, असा हिशेब मांडला गेला आहे. एकाच विहिरीवर अख्ख्या गावाचे शिवार भिजवावे, तसा हा भार आहे. इतक्या दूरवर पुटिका आणि ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकाँड्रिया पोहोचवायच्या, झिजलेल्या परत आणायच्या, आणि हे सारे आयुष्यभर.

त्यात भर अशी, की या पेशी कोणी चेतवण्याची वाट न पाहता स्वतःच्या लयीत अखंड संदेश देत राहतात आणि त्यासाठी कॅल्शियम आत घेतात. आत आलेले कॅल्शियम बाहेर काढण्यास ऊर्जा लागते, ऊर्जा निर्माण होताना मायटोकाँड्रियांवर ताण येतो. शिवाय डोपामिन पुटिकेबाहेर सांडले तर त्याच्या ऑक्सिडीकरणातून हानिकारक द्रव्ये तयार होतात. यांतली एकेक अडचण पेशी सोसते, परंतु सर्व एकत्र आल्यामुळे तिच्याकडे गाठीला फारसे काही उरत नाही. मग वाढते वय, एखादे विष किंवा एखादे दोषी जनुक तिला पुरेसे होते.

विषाचे उदाहरण १९८२ मधील कॅलिफोर्नियाचे आहे. काही तरुण व्यसनी माणसे एकाएकी, प्रगत कंपवात असावा तशी, थिजलेल्या अवस्थेत रुग्णालयात आली. डॉ. विल्यम लँगस्टन यांनी शोध घेतला, तेव्हा त्यांनी टोचून घेतलेल्या बनावट हेरॉइनमध्ये एमपीटीपी हे द्रव्य सापडले. मेंदूत त्याचे रूपांतर अशा रेणूत होते, की जो डोपामिन परत ओढून घेणाऱ्या दारातूनच पेशीत शिरतो आणि मायटोकाँड्रियांतील ऊर्जानिर्मितीचा पहिला टप्पा बंद पाडतो. इतर पेशींना ते दार नसते, म्हणून त्या बऱ्याच अंशी वाचतात.

जनुकांचा पुरावा फळमाश्यांनी दिला. पार्किन आणि पिंक-१ ही दोन जनुके बिघडली, की माणसाला तरुण वयात कंपवात होतो. माशीत हीच जनुके निकामी केली, तेव्हा तिच्या उड्डाणाच्या स्नायूंतील मायटोकाँड्रिया फुगून फुटलेल्या दिसल्या आणि तिला नीट उडता येईना. २००६ मध्ये माशीवरच हे सिद्ध झाले, की पिंक-१ आधी आणि पार्किन नंतर, असा त्यांचा क्रम आहे, कारण पिंक-१ नसलेल्या माशीला जादा पार्किन दिले की ती सुधारते, पण उलट बाजूने तसे होत नाही. खराब मायटोकाँड्रियांवर खूण करून त्यांची विल्हेवाट लावण्याची ही व्यवस्था आहे, हे पुढे मानवी पेशींत दिसले. माशीच्या पंखांपासून माणसाच्या मेंदूपर्यंत जोडणारा मार्ग तो हाच, आणि तुमच्या वर्गातील शंकेला माझे उत्तरही हेच राहील.

आपल्याकडेही या परंपरेत मोठे काम झाले आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे ओबेद सिद्दिकी यांनी सेमूर बेंझर यांच्याबरोबर १९७६ मध्ये तापमान वाढताच लुळ्या पडणाऱ्या माश्यांवरचा निबंध प्रसिद्ध केला. अशाच एका जातीच्या माश्या उष्णता वाढली की पडतात आणि गारव्यात आणल्या की उठून चालू लागतात. त्यांच्यात पुटिका पुन्हा घडवणारे डायनामिन हे प्रथिन उष्णतेत काम थांबवते. आज त्याच संस्थेत संध्या कौशिका यांचा गट सूत्रकृमीच्या जिवंत चेतापेशीत पुटिकांची ने-आण कशी होते, हे पाहत आहे.

एवढे सारे कळूनही पेशींचे मरण थांबवणारे औषध अजून हाती आलेले नाही. कॅल्शियमचा ताण कमी व्हावा म्हणून इसराडिपीन या रक्तदाबाच्या औषधाची मोठी चाचणी झाली आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत त्याचा उपयोग दिसला नाही. प्राण्यांमध्ये हे औषध आशादायक ठरले होते. प्राण्यांवरील संशोधनाची मर्यादा मुलांना याच उदाहरणाने दाखवावी, असे मला वाटते.

पिंपळपान

अबोली, काकांच्या म्हणण्यात तथ्य आहे आणि धोकाही आहे. खाजकुयलीच्या बियांत एल-डोपा असते, हे १९३७ मध्येच मद्रासच्या दामोदरन आणि रामस्वामी यांनी ते वेगळे काढून दाखवले. मुंबईत वैद्य आडनावाच्या संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या बियांचे चूर्ण कंपवाताच्या रुग्णांना देऊन पाहिले आणि १९७८ मध्ये त्याचे निष्कर्ष 'न्यूरॉलॉजी इंडिया'त प्रसिद्ध केले. २००४ मध्ये लंडनला आठ रुग्णांवर झालेल्या काटेकोर तुलनेत ३० ग्रॅम चूर्णाचा परिणाम गोळीपेक्षा लवकर सुरू झाला आणि जास्त वेळ टिकला. तेव्हा हा निव्वळ ऐकीव उपाय नव्हे.

परंतु ते "नैसर्गिक" आहे म्हणून वेगळे आहे, ही समजूत काढून टाका. रेणू तोच आहे. बियांमधील त्याचे प्रमाण जातीनुसार आणि जमिनीनुसार बदलते, त्यामुळे आजच्या चमच्यात किती औषध गेले हे घरात कोणालाच सांगता येत नाही. चूर्णात कार्बिडोपा नसते. गोळ्यांच्या जोडीला ते सुरू केले तर एकूण मात्रा वाढून अंग वेडेवाकडे हलणे, रक्तदाब एकदम उतरणे, भास होणे असे प्रकार होऊ शकतात. आणि गोळ्या अचानक बंद करून त्याच्यावर विसंबले तर शरीर इतके ताठरू शकते, की जिवावर बेतावे. द्यायचेच असेल, तर तुमच्या मेंदूविकारतज्ज्ञांना सांगून, त्यांनी ठरवलेल्या मात्रेत आणि प्रमाणित उत्पादनच द्या.

गोळ्यांबाबत एक गोष्ट मात्र घरीच सांभाळता येते. एल-डोपा हे अमिनो आम्ल आहे आणि मेंदूत शिरण्यासाठी ते आहारातील प्रथिनांपासून आलेल्या इतर अमिनो आम्लांच्याच वाहकावर अवलंबून असते. गोळी आणि वाटीभर घट्ट वरण किंवा पनीर एकाच वेळी पोटात गेले, तर त्या दाराशी गर्दी होते आणि औषधाचा असर उशिरा किंवा कमी येतो. म्हणून साधारणपणे जेवणाच्या अर्धा-पाऊण तास आधी गोळी द्यावी, मळमळ होत असेल तर सोबत एखादे बिस्किट चालते. प्रथिने बंद करू नका, या वयात ती लागतातच. वेळ तेवढी आखून घ्या, आणि गोळी कधी दिली, बाबा मोकळे कधी झाले, पुन्हा आखडले कधी, हे वहीत टिपून पुढच्या तपासणीला न्या. मात्रा ठरवताना डॉक्टरांना त्या नोंदींची फार मदत होते.

कृष्णाकाठ

आपणा सर्वांचे आभार. उंदराच्या जिभेवरचे साखरेचे पाणी आणि अन्नाच्या कडेला मंदावणारा कृमी, हे दोन प्रयोग मी पुढच्या तासाला शेजारी शेजारी ठेवणार आहे आणि त्यांतून काय निष्कर्ष निघतो हे त्या विद्यार्थिनीलाच विचारणार आहे. सूक्ष्मदर्शी, एक शेवटची विचारणा: डोपामिन नसलेला कृमी अन्नावर मंदावत नसेल, तर उपाशी ठेवलेल्या कृमीचे काय होते? हा प्रश्न वर्गात येईलच.

सूक्ष्मदर्शी

उपाशी कृमी अन्नावर आल्यावर पोट भरलेल्या कृमीपेक्षाही जास्त मंदावतो, जवळजवळ थांबतोच. हा जादा परिणाम मुख्यतः सेरोटोनिनमुळे होतो, त्यामुळे डोपामिन नसलेला कृमीसुद्धा उपाशी असेल तर अन्नावर रेंगाळतो. त्याच निबंधात हे दोन्ही प्रयोग आहेत. म्हणून वर्गात सांगताना कृमीचे पोट भरलेले होते, हा तपशील गाळू नका.